दाजींचं मशीन

मेहुण्याच्या पोल्ट्रीवर मला दिवसा कधीही जाता येतं. खुर्ची मिळते, चहा मिळतो, निघताना पिशवीत काहीतरी कोंबून दिलं जातं. रात्री नऊनंतर मात्र फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा ठराव झालेला आहे. ठराव मेहुण्याने मांडलेला नाही. तो भिडस्त माणूस, बहिणीच्या नवऱ्याला काय बोलणार? मांडला सासूबाईंनी. अनुमोदन कंपनीच्या सुपरवायझरने दिलं आणि माल उचलणाऱ्या टोळीने तो हात वर करून पास केला. त्या हातांत तेव्हा कोंबड्या नव्हत्या, एवढंच.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. भोसरीच्या एमआयडीसीत कन्व्हेयर बसवण्यात उमेदीची वर्षं गेली. बिस्किटं, बेअरिंगं, साबण, औषधाच्या बाटल्या, जे जे म्हणून इथून तिथे जायला हवं ते ते माणसाचा हात न लागता नेऊन दाखवलं. अशा माणसाला एक खोड लागते. लग्नाच्या पंगतीत लोकांना जिलबी दिसते, मला वाढप्यांची फुकट गेलेली चाल दिसते. ही खोड सोबत घेऊन मी लवकर निवृत्त झालो आणि विट्याच्या बाजूला सासरवाडीत मुक्काम ठोकला. सासरचे लोक आधी खूश होते.

मेहुण्याचं शेड करारावरचं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी, खाली अंथरायचं भाताचं तूस आणि रात्रीची झोपमोड मेहुण्याची. चाळीसएक दिवसांत पक्षी दोन किलोच्या पुढे गेला की कंपनी माल काढते, व्यापाऱ्याची गाडी येते, काट्यावर वजन होतं आणि मेहुण्याला किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. माल उचलायच्या या कार्यक्रमाला तिकडे सगळे 'लिफ्टिंग' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेडमध्ये क्रेन कुठे आहे ते शोधलं होतं.

क्रेन नव्हती. सहा-सात पोरं होती आणि त्यांचे म्होरके तात्या. लिफ्टिंग रात्रीचंच, कारण अंधारात कोंबडीला धड दिसत नाही आणि दिसत नसलं की ती बसल्या जागी बसून राहते. पोरं उकिडवी सरकत जातात, हात तुसाच्या पातळीवरून आत घालतात, पाय धरतात. एका हातात चार-पाच पक्षी, दुसऱ्या हातात तेवढेच. मग ती उलटी लोंबणारी जुडी घेऊन दाराशी, क्रेटमध्ये, काट्यावर, गाडीत. परत आत. कुणी बोलत नाही. बोललं तर तात्या नुसतं "श्श" करतात.

एका रात्री टोळीतली दोन पोरं जत्रेला गेली होती आणि गाडी दारात उभी होती. मी पॅन्ट दुमडली.

"दाजी, तुम्ही बसा की," मेहुणा म्हणाला.

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. माझ्या व्यवसायातली बहुतेक बिलं याच वाक्याने सुरू झालेली आहेत.

शेडमध्ये चार पावलं गेल्यावर कळलं की डोळे उघडे ठेवणं हेच मुळात एक काम आहे. चाळीस दिवसांच्या तुसातून अमोनिया येतो, तो आधी नाकात आणि मग थेट डोळ्यांच्या मागे जातो. धूळ वेगळी. मी उभ्याने एका कोंबडीवर झेपावलो. ब्रॉयलर आळशी असतो, फीडरपासून ड्रिंकरपर्यंत एवढंच त्याचं विश्व, असं मी वाचलं होतं. माझ्या वाट्याला आलेल्या पक्ष्याने ते वाचलेलं नव्हतं. तो पळाला, त्याच्यामागे मी, आमच्या दोघांच्या वाटेतले पन्नासएक पक्षी जागे होऊन आणखी तिसरीकडे. शेवटी हाताला एक पंख लागला.

"पंख न्हाई! दाजी, पंख न्हाई!" तात्या पहिल्यांदाच ओरडले.

पंख धरला की तो मोडतो, मोडला की मांसात रक्त साखळतं, काळानिळा डाग पडतो आणि दुकानदार तो पक्षी बाजूला काढतो. हे तात्यांनी मला नंतर शांतपणे समजावलं. त्या क्षणी मी घाबरून पंख सोडला आणि पक्षी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला, आणि त्याच क्षणी पक्ष्याने माझ्या शर्टावर आपलं मत नोंदवलं. तसाच मी दारापर्यंत चालत गेलो. वाटेत टोळीतला मिसरूड फुटायचं असलेला एक पोरगा भरल्या हातांनी मला ओलांडून गेला, रिकाम्या हातांनी परत आला आणि पुन्हा भरून मला ओलांडून गेला. काट्यावर मेहुण्याने माझा पक्षी घेतला आणि म्हणाला, "दाजी, आता च्या घ्या."

चहा घेत मी हिशेब मांडला. शेडमध्ये 3,000 पक्षी, प्रत्येकी 2 किलो धरले तरी 6 टन. सहा टन माल माणसं बोटांनी उचलतात, कमरेतून वाकून, अंधारात, अमोनियात. भोसरीत असं काम काढलं असतं तर युनियनने गेटला कुलूप घातलं असतं. इथे मात्र टोळीचा हिशेब उचलीवर, आणि उजाडायच्या आत दुसऱ्या गावचं शेड वाट बघत असतं. तात्यांचा उजवा अंगठा मुळाशी सुजलेला होता, कायमचा. माझ्या मनात कणव दाटून आली. कणव आणि कन्व्हेयर एकाच डोक्यात असले की आजूबाजूच्यांनी सावध व्हावं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शोध घेतला तर युरोपातल्या साहेबाने हा प्रश्न केव्हाच सोडवलेला. इटलीत, डेन्मार्कमध्ये कोंबड्या धरायची मशिनं बनतात. मोठं धूड असतं. पुढच्या तोंडाला फिरणारे रूळ, रुळांवर लांब लांब मऊ रबरी बोटं. मशीन कोंबड्यांच्या घोळक्यात सावकाश पुढे सरकतं, ती बोटं पक्ष्याला अलगद आत ओढतात, पक्षी पट्ट्यावर बसतो, पट्टा त्याला मागे नेऊन क्रेटमध्ये उतरवतो. तासाला काही हजार पक्षी. कुणी वाकत नाही, कुणाचा अंगठा सुजत नाही.

यामागचा इतिहासही मी काढला, कारण सासरवाडीत नुसता व्हिडिओ दाखवून भागत नाही. इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या सिल्सो इथे शेतीच्या यंत्रांवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती. तिथल्या लोकांनी 1980च्या दशकात रबरी बोटांचं असं यंत्र तयार केलं. मग इयन डंकन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कोंबड्या हाताने धरवल्या, काही यंत्राने, आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. 1986 साली निष्कर्ष छापून आला. यंत्राने धरलेल्या कोंबड्यांचे ठोके लवकर ताळ्यावर येतात. हाताने उलटं लटकावलेल्या कोंबड्या जास्त वेळ भेदरलेल्या राहतात. म्हणजे कोंबडीलासुद्धा माणसापेक्षा मशीन बरं वाटतं! हे वाचून मला भरून आलं. पुढच्या काळातल्या अभ्यासांत निकाल दोन्ही बाजूंनी लागले. कुठे यंत्रामुळे जखमा कमी दिसल्या, कुठे गाडीत मरणारे पक्षी जास्त निघाले. तेवढा भाग मी मेहुण्याला वाचून दाखवला नाही.

"ती साहेबाची कोंबडी, दाजी," मेहुणा म्हणाला. "तिला शिस्त असंल."

इथे मी त्याला बरोबर पकडलं. त्याच्या शेडमधली कोंबडी गावठी थोडीच होती? ब्रॉयलरचा वंश बघायला गेलं तर कॉब अमेरिकेतला, रॉस स्कॉटलंडचा. जगभरच्या शेडांत फिरूनफिरून हीच दोन-चार घराणी. तुझ्या पक्ष्याचा आजा साहेबाच्याच अंगणात वाढलाय, असं मी त्याला सांगितलं. मेहुण्याने शेडकडे जरा आदराने पाहिलं. मग मशीनची किंमत विचारली. मी सांगितली. त्याने शेड, घर, द्राक्षबाग आणि बहुधा मी, अशी सगळ्यांची मनातल्या मनात बेरीज करून पाहिली आणि तो म्हशीचं दूध काढायला निघून गेला.

तात्यांशीही मी तात्त्विक चर्चा केली. युरोपात 2005 सालचा कायदा आहे, वाहतुकीच्या वेळी जनावर पायाला धरून उचलायचं नाही असं त्यात लिहिलंय, पक्षी दोन्ही हातांनी, छातीखाली आधार देऊन, सरळ उचलावा असं तिकडचे जाणकार सांगतात, वगैरे. तात्यांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे एका येळी एकच?"

"फार तर दोन."

"हरकत न्हाई. पैशे पाचपट द्या, कडेवर घिऊन जातो. अंगाई बी म्हणतो."

मशीन परवडत नाही आणि कायदा लागू नाही म्हटल्यावर मी स्वदेशी उपायांकडे वळलो. स्वदेशी म्हणजे रोममधला. अथानासियस किर्खर नावाच्या जेझुइट पंडिताने 1646 साली छापलेल्या ग्रंथात एक चमत्कार नोंदवलाय. कोंबडी जमिनीवर आडवी दाबून धरायची, तिच्या चोचीसमोरून खडूने एक सरळ रेघ ओढायची आणि हात काढून घ्यायचा. कोंबडी पडून राहते. मोकळी असूनही उठत नाही. किर्खर हे कोंबडीच्या कल्पनाशक्तीचं बळ समजत होता. आजचे अभ्यासक सांगतात की रेघेचा त्यात काही संबंध नाही. दाबून धरल्यावर भीतीने ती निपचित होते, बस. डंकन मंडळींनी कोंबडीची भीती मोजायला हीच युक्ती वापरली होती. जास्त वेळ पडून राहिली म्हणजे जास्त घाबरलेली.

खडू नव्हता, सासूबाईंची रांगोळी होती. अंगणात मी एक पक्षी निजवला, चिमटीतून रेघ सोडली आणि हात काढले. पक्षी हलला नाही. एक मिनिट गेलं. शेजारच्या आळीतून लोक आले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. भाच्याने व्हिडिओ काढला. मेहुण्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याबद्दल थोडासा आदर दिसला, तेवढ्यात तात्या येऊन गर्दीत उभे राहिले.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "फकस्त निजवायच्या आधी धरावी लागती."

हे खरंच होतं. गर्दी पांगली. पक्षी उठला आणि रांगोळी खाऊन बघायला लागला.

मग मात्र मी इरेला पेटलो. सहा टन माल आणि एक इंजिनिअर आमनेसामने होते. मशीन विकत घेता येत नसेल तर बनवता येईल.

सांगाडा हातगाड्याचा. पट्टा भोसरीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने भंगारात काढलेला, त्याला अजून बिस्किटांचा वास होता. मोटर मिनिटाला 1,440 फेऱ्यांची, कडबाकुट्टीवरून तात्पुरती उसनी घेतलेली, आणि तिला सुस्तावण्यासाठी भंगारातलाच एक गिअरबॉक्स. अडलं ते रबरी बोटांपाशी. मग लक्षात आलं की चिकनच्या प्रत्येक दुकानात पिसं काढायचा ड्रम असतो आणि त्याच्या आतून बाहेरून रबरी बोटंच तर लावलेली असतात. सांगलीला ती सुटी मिळतात. घाऊक भाव विचारला तर दुकानदाराने पोतंच पुढे केलं. मी पोतं घेतलं.

जाणकाराच्या एव्हाना लक्षात आलं असेल. धरायच्या मशीनची बोटं लांब, लवचीक, लुळी असतात. पिसं काढायची बोटं आखूड, टणक आणि अंगभर खाचा पाडलेली, कारण त्यांना काम दिलंय ते पिसं उपटायचं. मी रबर ते रबर या विचाराने रुळावर ती ठोकून घेतली. नशीब एवढंच की चाचणी जिवंत पक्ष्यावर न घेता सासूबाईंच्या लोडावर घेतली. वजनाला साधारण सारखा पडावा म्हणून त्यातला छोटा निवडला होता. शेवरीचा कापूस, सासूबाईंनी लग्नात आणलेला. मशीनने तो पट्ट्यापर्यंत नेलाच नाही. जागच्या जागी अभ्रा काढला, मग खोळ काढली आणि मग कापूस सोडला. शेवरीचा कापूस फार हलका असतो. संध्याकाळपर्यंत तो अंगणात, तुळशीवर, म्हशीवर आणि वरणात उतरत होता.

त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी माझ्या बायकोमार्फत बोलतात.

बोटं पोत्यात परत गेली. त्यांच्या जागी मी मोटरसायकलच्या जुन्या ट्यूब कापून हातभर लांबीचे पट्टे लावले, फेऱ्या आणखी कमी केल्या, आणि आता उशी, भोपळा, मेहुण्याची चप्पल असं सगळं काही मशीन अलगद पट्ट्यावर घेऊ लागलं. भाचा तर स्वतः झोपायला तयार होता. बायकोने मला एवढंच विचारलं की त्या भोपळ्याला पाय होते का. या प्रश्नाकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं.

लिफ्टिंगच्या रात्री मशीन शेडमध्ये नेलं. दार अरुंद होतं, तेव्हा चौकट काढावी लागली. आत गेल्यावर पहिल्यांदाच जाणवलं की आमच्याकडच्या शेडमध्ये अधूनमधून खांब असतात, आणि खांबांच्या मधल्या जागेत छतापासून दोऱ्यांनी फीडर आणि ड्रिंकर टांगलेले असतात. साहेबाच्या व्हिडिओतलं शेड कसं मोकळंढाकळं होतं. फीडर तात्यांनी नेहमीप्रमाणे आधीच वर ओढून बांधले होते, कारण उचलायच्या काही तास आधी खाद्य बंद करतात. पाणी मात्र शेवटपर्यंत ठेवतात, म्हणून ड्रिंकर खालीच होते. त्यांच्या मधून मशीनला वाट होती. नकाशावर.

आणि मी हॅलोजन लावला. व्हिडिओ नीट यावा म्हणून.

तात्या दाराशी उभे होते. "दाजी, उजेड..." एवढंच म्हणाले. मी बटण दाबलं.

आवाज कडबाकुट्टीचाच होता, पण बंद शेडमध्ये, मध्यरात्री, पांढऱ्या झगझगीत उजेडात. 3,000 माना एकदम वर झाल्या. ते दृश्य मी विसरणार नाही. मशीनच्या समोरचा पहिला पक्षी दोन पावलं मागे सरकला, त्याच्यामागचा चार, आणि मग शेडमधली सगळीच जमीन माझ्यापासून दूर पळू लागली. मी मशीन पुढे ढकललं तसे ते आणखी मागे गेले. यंत्राचा उद्देश पक्षी गोळा करायचा होता. ते त्यात कमालीचं यशस्वी झालं, सगळे पक्षी मागच्या भिंतीच्या एका कोपऱ्यात गोळा झाले.

पोल्ट्रीवाल्याला रात्री दचकून उठवणारी जी दोन-चार स्वप्नं असतात त्यात हे एक. घाबरलेला कळप कोपऱ्यात चढतो, एकावर एक, ढीग होतो, आणि खालचे गुदमरतात. मिनिटांचा खेळ. मेहुणा, जो आयुष्यात माझ्याशी आवाज चढवून बोलला नव्हता, तो ओरडला, "बंद करा ते!" मी मशीन मागे घेतलं, तर लांब केलेल्या रबरी पट्ट्यांनी ड्रिंकरची दोरी धरली. मशीन सोडेना. एकामागोमाग एक अख्खी ओळ खाली आली आणि पाणी तुसात. कुणीतरी हॅलोजनची वायर उपटली.

अंधारात मग तात्या काय करत होते ते मला दिसलं नाही, ऐकू आलं. ते कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून बारीक, एकसुरी शीळ घालत होते आणि वरच्या थरातला एकेक पक्षी उचलून मागे ठेवत होते. पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंना. घाई कुणाचीच नाही, थांबतही कुणी नाही. ढीग वरून उतरत गेला. मी मदतीला सरकलो तर एका ओल्या हाताने मला दंडाला धरून अलगद भिंतीशी बसवलं. कोण होतं कळलं नाही. पण माणूस धरायची पद्धतही तीच होती, ना जोर, ना संशयाला जागा.

थोडे पक्षी गेलेच. शेडच्या दाराला मॉर्टॅलिटीचं कार्ड टांगलेलं असतं, रोज किती मेले आणि कशाने ते त्यात लिहायचं. सकाळी सुपरवायझर आला, ओलं तूस पाहिलं, ड्रिंकर पाहिले, निघालेली चौकट पाहिली, मशीनभोवती एक फेरी मारली आणि कारणाच्या रकान्यात 'दाजी' असं लिहून सही केली. ते कार्ड कंपनीच्या फायलीत आजही असणार.

यशाची नोंद मात्र कुणी ठेवली नाही, म्हणून ती इथे करतो. या सगळ्या गदारोळात एक पक्षी, एकच, कोपऱ्याकडे न पळता जागीच बसून राहिला होता. मशीन मागे घेताना पट्ट्यांनी त्याला आत घेतलं, पट्ट्याने वर नेलं आणि टोकाच्या क्रेटमध्ये सरळ, पायांवर, एकही पीस न दुखावता उतरवलं. युरोपातला कायदा तंतोतंत पाळला गेला. तो पक्षी आंधळा होता, असं नंतर तात्यांनी दाखवून दिलं.

साहेबाचं यंत्र चालतं आणि माझं का चाललं नाही, याचं उत्तर माझ्या हातच्या कामात अर्धंच आहे. बाकीचं अर्धं तात्यांनी नुकसानभरपाईच्या चहावर सांगितलं. साहेबाच्या एका शेडमध्ये वीस-वीस हजार पक्षी असतात आणि बऱ्याचदा सगळे एका दमात थेट कत्तलखान्याला जातात. शेड रिकामं करायचं, संपलं. आमच्याकडे बहुतेक कोंबडी जिवंत विकली जाते. आज एक व्यापारी येऊन 800 पक्षी नेतो, परवा दुसरा. एकाला हॉटेलसाठी बारका माल हवा, दुसऱ्याला दुकानासाठी मोठा. "तुमच्या मशीनला ल्हान-मोठं कळतं का?" तात्यांनी विचारलं. त्यांच्या पोरांना कळतं, अंधारात, नुसत्या पायाच्या नळीच्या जाडीवरून. शंभर ग्रॅमचा फरक त्यांच्या बोटांना लागतो. बिस्किटांच्या लाइनवर याच कामासाठी मी जर्मनीहून काटा मागवला होता.

म्हणजे यंत्र नकोच, असं मात्र मी मान्य करणार नाही. सहा टन उचलून अंगठा सुजतोच, आणि त्याचं कौतुक करणाऱ्यांनी एक रात्र उचलून बघावं. माझं म्हणणं इतकंच की आमच्या आकाराच्या शेडमध्ये यंत्राची गरज धरण्यात नाही, वाहण्यात आहे. टोळीचा जास्त जीव जातो तो पक्षी लटकावून दारापर्यंतच्या येरझाऱ्यांत, आणि पक्ष्याचे पाय-पंख दुखावतात तेही बरेचसे तिथेच. तेव्हा मशीनचं पोट फाडून मी त्याचे रोलर काढले, घोडीवर आडवे बसवले आणि दारापासून शेडच्या मधोमध एक घसरमार्ग केला. आता पक्षी क्रेटकडे जात नाहीत, रिकामं क्रेट पक्ष्यांकडे येतं आणि भरलं की एका ढकलीत काट्यावर पोचतं. त्याला मोटर लागत नाही, वीज लागत नाही आणि मुख्य म्हणजे मी लागत नाही. शिवाय जाळीच्या हलक्या चौकटी केल्या, कोंबड्यांचे दोन-दोनशेचे वाडे पाडायला. एवढ्याशा वाड्यात भेदरले तरी जीवघेणा ढीग होत नाही.

एक निळा दिवाही आणला होता. मंद निळ्या उजेडात कोंबडी शांत बसते आणि माणसाला मात्र कामापुरतं दिसतं, हे मी बरंच वाचून शोधून काढलं होतं. तात्यांना समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या समाधानासाठी सगळं ऐकलं आणि मग पिशवीतून आपला बल्ब काढून दाखवला. त्याला निळा जिलेटीन पेपर गुंडाळलेला होता. कागदाच्या कडा इतक्या जुन्या होत्या की फिकट पडून पांढऱ्या झाल्या होत्या.

रोलर अजून चालू आहेत. तात्यांनी पलीकडच्या गावातल्या दोन शेडवाल्यांना तसेच करायला सांगितलंय, आणि ते माझ्याकडे येऊन मापं घेऊन गेले, दिवसा. मोटर कडबाकुट्टीवर परत गेली. सासूबाईंना नवा लोड आणून दिला, त्यात फोम आहे, आणि तो त्या वापरत नाहीत.

राहता राहिलं ते रबरी बोटांचं पोतं. कोरा माल आहे, एका लोडापलीकडे वापरलेला नाही. तुमच्यापैकी कुणाचं चिकनचं दुकान असेल, ड्रमची बोटं झिजली असतील, तर खरेदीच्या निम्म्या भावात देतो. घेऊन जायला पोतं तुमचं आणा, कारण आमच्या पोत्यात मेहुण्याला तूस भरायचंय. आणि कृपा करून पत्ता विचारताना गावात 'दाजींचं मशीन' असं म्हणू नका.